विहीर आमची, वॉर्ड कोणाचा?



यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला समाजाच्या सभागृहात चांगली गर्दी होती. आंब्याची डाळ होती, पन्हे होते, गौरीपुढची आरास बघण्यासारखी होती. पाणी मात्र टँकरचे होते. टँकर अंगणात उभा राहिला आणि त्याचा पाइप स्वयंपाकघराच्या टाकीपर्यंत न्यायचा म्हणून मुलांनी तो मधल्या सिमेंटच्या ओट्यावरून ओढला. हा तोच ओटा, ज्यावर आपण सगळे चपला काढतो. सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, हा ओटा असा मध्येच का बांधलाय?" आम्ही म्हणालो, "ओटा नाही ग, विहीर आहे ती. वरून झाकली आहे." ती म्हणाली, "मग पाणी बाहेरून का आणलं?"

आमच्याजवळ उत्तर होते, पण ते मुलीला सांगण्यासारखे नव्हते. वीसेक वर्षांपूर्वी आमसभेत या विहिरीवर स्लॅब घालण्याचा ठराव आला. कारणे दोन होती: स्कूटरी लावायला जागा हवी, आणि लहान मुले विहिरीत डोकावतात. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही तर खणलेली विहीर झाकून तहानेची वाट पाहत बसलो.

त्या दिवसापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून चार ओळी लिहीत आहोत. आम्ही बँकेतले कारकून. भाषणाचा सराव नाही, जमाखर्चाचा आहे. तेव्हा जमाखर्चाच्याच भाषेत मांडतो.

देवासकराने पाण्याबद्दल बेफिकीर असावे याला काहीच कारण नाही. एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून ५० टँकर पाणी भरून रेल्वेगाडी देवासला आली होती. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. वडिलांचा हात धरून ती गाडी पाहायला स्टेशनवर गेलो होतो आणि मोठी गंमत वाटली होती. वडील मात्र परत येताना एक शब्द बोलले नाहीत. पावलापावलावर पाणी अशी ज्या मालव्याची ख्याती, त्या मालव्यातले एक शहर आगगाडीने पाणी पिते यात गंमत कसली, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

आता खतावणी उघडू. आपल्या घरात पाणी कुठून कुठून आले? पहिली नोंद अंगणातल्या विहिरीची, अंतर शून्य. दुसरी गावातल्या तलावांची, अंतर दहा मिनिटे पायी. तिसरी क्षिप्रेची, तिथून पाइपलाइन. चौथी त्या रेल्वेगाडीची, इंदूरपासून ३५ किलोमीटर. पाचवी नर्मदेची: उद्योगांसाठी नेमावरहून सुमारे सव्वाशे किलोमीटर पाइप टाकून पाणी आणले गेले, आणि २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड पूर्ण होऊन नर्मदेचे पाणी पंपांनी विंध्याचा चढ चढवून क्षिप्रेत सोडले गेले. प्रत्येक नोंदीबरोबर अंतर वाढले आणि अंतराबरोबर विजेचे बिल वाढले. हे बिल कोणीतरी भरतेच. थोडे आपण जलकरातून भरतो, थोडे शासन अनुदानातून भरते, आणि शासनाचा पैसा म्हणजे पुन्हा आपलाच. या काळात खात्यातून काय कमी झाले ते कोणी लिहिले नाही. तलाव आटले, काही बुजले, त्यांच्यावर बांधकामे झाली. वाड्यांतल्या विहिरी एकेक करून झाकल्या गेल्या किंवा केरकचऱ्याने भरल्या. हे काही कोण्या शत्रूने रात्रीतून केले नाही. आपण घरात होतो, जागे होतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत झाले.

असे का झाले? आमचे मत काही वडीलधाऱ्यांना कडू लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपली घराणी पवारांबरोबर मालव्यात आली. तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंनी अठराव्या शतकात येथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये स्थापली. एका गावात दोन दरबार. कारभारी, फडणीस, खासगीकडचे कामदार, बहुतेक ठिकाणी आपल्याच ओळखीचा माणूस असे. रस्त्याची, पाण्याची, गटाराची तक्रार असली की वाड्यावर जायचे आणि कोणाच्या तरी कानावर घालायचे. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. दरबार गेले, पण कानावर घालण्याची सवय गेली नाही. आता कान कोणाचे हे माहीत नाही, म्हणून आपण एकमेकांच्याच कानावर घालतो. गणपतीत, लग्नात, सवाष्ण-ब्राह्मणाच्या पंगतीत आपली निगमवरची टीका ऐकावी. इतकी मुद्देसूद टीका निगमच्या सभेत झाली असती तर एव्हाना गाव सुधारले असते.

दरम्यान कारभाराची रीत पार बदलली. संविधानाची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या कामाचे १८ विषय लिहिलेले आहेत आणि त्यांत पाणीपुरवठा आहे. दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असेही त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत देवासची लोकसंख्या २,८९,५५० भरली. म्हणजे १०,४५० माणसे कमी पडली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि नवी १ मार्च २०२७ ही तारीख धरून आहे. गाव वाढले आहे हे बायपासवरून एक फेरी मारली तरी दिसते. उद्या आकडा तीन लाखांच्या वर गेला आणि वॉर्ड समितीत नागरिक म्हणून बसायची वेळ आली, तर आपल्यातून कोण बसणार? नाव सुचवा म्हटले तर आमसभेत किती हात वर होतील?

आकडेमोड आणखी थोडी करू. आपल्या निगममध्ये ४५ वॉर्ड आहेत. २०११ च्या लोकसंख्येने भागले तर एका वॉर्डात सरासरी साडेसहा हजारांहूनही कमी माणसे येतात. त्यात मुले वजा करा, मत न देणारे वजा करा. आपण स्वतःला मूठभर म्हणवतो, पण जुन्या वस्तीतल्या एखाद्या वॉर्डात आपली चाळीस-पन्नास घरे असली तर त्या आकड्यात ती मूठ लहान नाही. आपण ती उघडत नाही, एवढेच.

मागच्या महिन्यात आम्ही तिघे जण आमच्या वॉर्डाच्या पार्षदांकडे गेलो. बरोबर एक कागद होता. त्यावर आमच्या गल्लीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या विहिरींची यादी होती: कोणाच्या अंगणात, झाकलेली की उघडी, पाणी आहे की नाही. यादी करायला दोन रविवार लागले होते. पार्षदांनी चहा मागवला आणि सवयीने पेन काढून विचारले, दाखल्यावर सही हवी का? आम्ही म्हणालो, सही नको, हा कागद पाहा. त्यांनी पेन खाली ठेवले आणि यादी दोनदा वाचली. मग हिंदीत जे म्हणाले ते मराठीत असे: "तुमच्या समाजाची माणसं माझ्याकडे सहीला येतात, लग्नाची पत्रिका द्यायला येतात. वॉर्डाचं काम सांगायला आलेले तुम्हीच पहिले." बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच आम्हाला ते जास्त लागले.

यादी करताना काय दिसले तेही सांगतो. बंद वाडे बरेच. मुले पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला. संपत्ती कर नियमाने भरला जातो, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात का होईना. आपल्या समाजाची कराची थकबाकी फारशी नसेल याची आम्हाला खात्री आहे. पण कर भरला की आपले कर्तव्य संपले, हा हिशेब अर्धा आहे. बँकेत पैसे भरणारा माणूस वर्षातून एकदा तरी पासबुक भरून घेतो. निगममध्ये आपण पैसे भरतो आणि पासबुक मागतच नाही. हे पासबुक म्हणजे निगमचे अंदाजपत्रक. ते वाचायची एक सोपी युक्ती आहे. पुढच्या वर्षाच्या तरतुदीचा रकाना बाजूला ठेवावा आणि मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय खर्च झाले तो रकाना आधी वाचावा. तरतूद म्हणजे इच्छा, खर्च म्हणजे हकीकत. कागद मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपये भरून तो मागता येतो. दहा रुपयांत हल्ली नीटसा चहा मिळत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. हा विषय काढल्यापासून तीन आक्षेप आमच्या कानी आले आहेत.

पहिला असा की राजकारण आपल्या माणसांचे काम नाही. आम्हाला तर बँकेच्या सेवाशर्तींनुसार निवडणूक लढवताच येत नाही. पण राहत्या वॉर्डात विहिरीची यादी देणे म्हणजे निवडणूक लढवणे नव्हे. ज्याला आपण राजकारण म्हणून दूर ठेवतो, त्यातला बराच भाग म्हणजे पाणी, दिवे, गटार आणि कचरा. यापासून आपण दूर राहू शकतो, पण ते आपल्यापासून दूर राहत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: समाजाने २०२७ च्या निवडणुकीत आपला मराठी उमेदवार उभा करावा. आमचे नम्र मत आहे की समाजाने समाज म्हणून असे करू नये. पाण्याला भाषा नसते. ज्या दिवशी आपण 'आमच्या विहिरी' म्हणून मागणी करू, त्या दिवशी शेजारचा मोहल्ला हात आखडता घेईल आणि त्याचे काही चुकणार नाही. आपल्यातले कोणी स्वतःच्या कामावर उभे राहिले तर आनंदच आहे. पण काम आधी, फॉर्म नंतर.

तिसरा आक्षेप एका तरुण सभासदाचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही जुन्या विहिरींचे गोडवे गाता. त्या विहिरींवर सगळ्यांना पाणी भरता येत होते का?" नव्हते. हे आपण मान्य केले पाहिजे. कोणी पोहरा टाकावा आणि कोणी टाकू नये याचे नियम आपल्याच घरांनी केले होते. नळ आले आणि ते नियम मोडले, हे फार चांगले झाले. म्हणून विहीर उघडायची ती जुन्या दिवसांच्या हौसेखातर उघडू नये. ती वॉर्डासाठी उघडावी. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी असेल तेव्हा शेजारच्या कोणत्याही घराला त्यातून पाणी घेता आले पाहिजे, ही पहिली अट असावी. ही अट मान्य नसेल त्याने आपला स्लॅब खुशाल ठेवावा.

स्लॅबविषयी एक गंभीर गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेलनगर भागातील एका मंदिरात जुन्या बावडीवर घातलेले छत कोसळले आणि ३६ माणसे गेली. पूजेला बसलेली माणसे. आपण खाली बावडी आहे हे त्यांच्यातल्या अनेकांच्या ध्यानीमनीही नसेल. आपल्या ठरावात आम्ही 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' असे शब्द लिहिले होते, हे आम्हाला पक्के आठवते. त्या स्लॅबला आता वीस वर्षे होत आली. त्यावर दर कार्यक्रमाला माणसे उभी असतात, आणि तो एकदाही इंजिनियरकडून तपासून घेतलेला नाही. पाण्याचा विचार बाजूला ठेवला तरी एवढ्या एका कारणासाठी हा विषय आमसभेत यायला हवा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा विहिरींनी काय होणार? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २००६ मध्ये तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव यांनी देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांना शेतात स्वतःचे तलाव खणायला प्रवृत्त केले. भगीरथ कृषक अभियान ते हेच. मोठ्या शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. त्यांनी जमिनीचा एक तुकडा तलावाला दिला आणि स्वतःचा पैसा घातला. आम्ही तेव्हा नोकरीला नुकतेच लागलो होतो. जमिनीत खड्डा करायला कोण कर्ज घेतो, असे आम्हाला वाटले होते. पुढे जिल्ह्यात हजारोंनी तलाव झाले, रब्बीचे क्षेत्र वाढले, आणि खोल खोल बोअर मारण्याच्या शर्यतीतून कित्येक गावे बाहेर पडली. खेड्यातल्या माणसाने हिशेब केला: बोअर कोरडा निघाला तर पैसा बुडाला, तलाव दर पावसाळ्यात पुन्हा भरतो. आपण शहरातली शिकलेली माणसे. आपण हा हिशेब अजून केलेला नाही.

तो करून पाहू. एक हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पाऊस वर्षाला ९०० मिलिमीटर धरला तर त्या छपरावर सुमारे ८३ हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारे सोडून ८० टक्के हाती लागले तर ६६ हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर हे तेरा टँकर झाले. आपल्या सभागृहाचे छप्पर याहून पुष्कळ मोठे आहे. हे पाणी आज पन्हाळीतून रस्त्यावर जाते, आणि आपण चैत्रात टँकरवाल्याला फोन करतो.

म्हणून येत्या आमसभेपुढे पुढील सूचना ठेवत आहोत.

एक, सभागृहाच्या विहिरीवरील स्लॅब जाणकार इंजिनियरकडून तपासून घ्यावा. तो काढून कठडा आणि वर मजबूत लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे मुलांची भीती राहणार नाही. गाळ काढावा, छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.

दोन, खर्चासाठी वर्गणी काढू नये. समाजाची मुदत ठेव आहे आणि तिचे व्याज दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या जेवणावर जाते. एका वर्षाचे व्याज विहिरीला द्यावे. त्या वर्षी संमेलनात चहा-पोहे ठेवावेत. श्रीखंडावाचून कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही.

तीन, प्रत्येक वॉर्डातील दोन सभासदांनी, एक वडीलधारा आणि एक तरुण, आपल्या भागातील विहिरींची यादी करावी. त्यात सगळ्यांच्या विहिरी घ्याव्यात, केवळ मराठी घरांच्या नव्हे. यादी पार्षदांना आणि निगमला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोचेशिवाय दिलेला कागद म्हणजे पावतीशिवाय भरलेला पैसा.

चार, बंद वाड्यांच्या मालकांना पत्रे लिहावीत. त्यांनी परत यावे असा आग्रह नाही. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी आणि विहीर साफ करायची लेखी परवानगी द्यावी, एवढेच.

पाच, मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२७ मध्ये यायची आहे. प्रत्येकाने मतदार यादीतले आपले आणि घरातल्या तरुणांचे नाव आताच पाहून घ्यावे. मत मागायला जो कोणी दारात येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि विहिरींच्या यादीचे काय करणार ते विचारावे.

वीस वर्षांपूर्वी स्लॅबच्या ठरावाला हात वर करताना आम्ही फार विचार केला नव्हता. शेजारच्याने केला, म्हणून आम्हीही केला. या वेळी ठराव मांडणारे आम्हीच आहोत. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी जरूर करावा, पण आमसभेला येऊन करावा, पंगतीत नको. त्या सातवीतल्या मुलीलाही त्या दिवशी घेऊन या असे तिच्या वडिलांना सांगून ठेवले आहे. तिला मत नाही. पण तिच्यासमोर हात वर करायचा आहे हे लक्षात राहिले म्हणजे पुरे.

आपला नम्र,
एक सभासद